बाहेरून एम.ए., एम.कॉम., एमबीए करताय? प्रवेशाआधी अभ्यासक्रमाचा दर्जा असा पारखा

जून-जुलैत अभ्यासकेंद्रावर चौकशीला येणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. फी किती? परीक्षा कुठे? ही डिग्री नोकरीला चालते ना? तिन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची सरळ उत्तरं मिळालीच पाहिजेत. पण पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा संमंत्रक, म्हणजे दूरशिक्षणाच्या अभ्यासकेंद्रावर शिकवणारा आणि स्वाध्याय तपासणारा शिक्षक, म्हणून काम करताना मला ज्याची वाट पाहावी लागते, असा एक चौथा प्रश्न आहे. तो क्वचितच कानावर येतो: मी जे लिहीन, ते कोण वाचणार?

माझ्या मते दूरशिक्षणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा दर्जा याच प्रश्नावर ठरतो. बी.ए., बी.कॉम.ला पुस्तक नीट वाचून पार पडता येतं. एम.ए.ला मात्र स्वतःचं म्हणणं मांडावं लागतं, ते पुराव्यानं उभं करावं लागतं, आणि ते कुठे लंगडं पडतंय हे कुणीतरी दाखवावं लागतं. नियमित महाविद्यालयात ही गोष्ट तासानंतर, ग्रंथालयात, विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये आपोआप घडते. दूरशिक्षणात ती विद्यापीठाला मुद्दाम घडवून आणावी लागते. जिथे घडवलेली असते, तिथला विद्यार्थी नियमित वर्गातल्या विद्यार्थ्याच्या बरोबरीनं उभा राहतो. ही व्यवस्था आहे की नाही, हे प्रवेशाआधी बऱ्यापैकी तपासता येतं. कसं, ते क्रमानं सांगतो.

पहिली पायरी: मान्यता, पण नेमकी

"विद्यापीठ यूजीसी मान्य आहे" एवढं ऐकून थांबू नका. दूरशिक्षणासाठी यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, वेगळा विभाग आहे, डिस्टन्स एज्युकेशन ब्युरो, म्हणजे डीईबी. तो विद्यापीठाला सरसकट परवानगी देत नाही. कोणत्या सत्रापासून, कोणता अभ्यासक्रम, दूरशिक्षण पद्धतीनं की ऑनलाइन पद्धतीनं, अशी नेमकी परवानगी असते. एकाच विद्यापीठाच्या एम.कॉम.ला ती असते आणि एम.एस्सी.ला नसते, असं होऊ शकतं. म्हणून डीईबीच्या संकेतस्थळावर जाऊन तुमच्या सत्राची यादी उघडा, त्यात विद्यापीठ शोधा, मग अभ्यासक्रमाचं नाव, मग पद्धत. तिन्ही जुळलं की त्या पानाची तारखेसकट प्रत काढून ठेवा. पुढे एखाद्या कार्यालयानं शंका काढली तर हाच कागद उपयोगी पडतो.

मान्यता असेल तर पदवीच्या किमतीबद्दल मनात किंतु ठेवायचं कारण नाही. यूजीसीनं सप्टेंबर २०२२मध्ये स्पष्ट केलं की २०२०च्या नियमावलीनुसार दूरशिक्षण व ऑनलाइन पद्धतीनं मिळवलेली पदवी आणि पदव्युत्तर पदवी नियमित पद्धतीच्या पदवीशी समकक्ष धरली जाईल.

काही विषय दूरशिक्षणातून शिकवायलाच बंदी आहे. अभियांत्रिकी, वैद्यक, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, वास्तुकला, कायदा, शेती, हॉटेल मॅनेजमेंट हे त्यातले मुख्य. पीएच.डी.सुद्धा या मार्गानं नाही. आणि एक बदल अजून बऱ्याच जणांपर्यंत पोचलेला नाही: जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून मानसशास्त्रासारखे आरोग्यसेवेशी निगडित अभ्यासक्रमही दूरशिक्षण आणि ऑनलाइन पद्धतीतून बंद झाले. घरी राहून एम.ए. मानसशास्त्र करायचं म्हणून चौकशी करणाऱ्या गृहिणी आणि शिक्षिका कितीतरी असतात. या विषयात कुणी आज तुम्हाला नवा प्रवेश देऊ करत असेल तर पैसे भरण्याआधी डीईबीची यादी पुन्हा बघा.

ही काळजी मी उगाच करायला सांगत नाही. नोव्हेंबर २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काही अभिमत विद्यापीठांनी परवानगीविना दिलेल्या दूरशिक्षणातल्या अभियांत्रिकी पदव्यांबाबत निकाल दिला. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना पुन्हा परीक्षा द्यायला लावली, आणि त्यानंतरच्या प्रवेशांच्या पदव्या रद्दच केल्या. मूळ प्रकरण ओडिशातल्या एका महामंडळातल्या बढतीवरून निघालं होतं. म्हणजे पदवी घेऊन, नोकरी करून, बढती मिळवून झाल्यावर पायाखालची जमीन सरकली.

कार्यक्षेत्र हाही मुद्दा इथेच निपटून टाका. राज्य विद्यापीठाला दूरशिक्षणाचे अभ्यासक्रम आपल्या राज्यातच चालवता येतात. त्यामुळे पणजी किंवा बेळगावच्या मराठी माणसाला महाराष्ट्रातल्या विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र आपल्या गावात मिळणार नाही. त्याच्यासाठी देशभर चालणारं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, किंवा मान्यताप्राप्त ऑनलाइन अभ्यासक्रम हे मार्ग आहेत. ऑनलाइनला राज्याची हद्द नाही.

नॅकच्या, म्हणजे विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, श्रेणीबद्दल एवढंच सांगतो की ती संपूर्ण संस्थेची असते. ए प्लस मिळवलेल्या विद्यापीठाचा दूरशिक्षण विभाग अपुऱ्या माणसांवर चालू असू शकतो. श्रेणी बघा, पण तिच्यावर विसंबून पुढच्या पायऱ्या गाळू नका.

दुसरी पायरी: पीपीआर मागवा

प्रत्येक अभ्यासक्रम सुरू करताना विद्यापीठाला प्रोग्रॅम प्रोजेक्ट रिपोर्ट तयार करावा लागतो. बोलताना सगळे त्याला पीपीआर म्हणतात. अभ्यासक्रम कुणासाठी आहे, कसा शिकवणार, मूल्यमापन कसं, ग्रंथालय आणि प्रयोगशाळेची सोय काय, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. बरीच विद्यापीठं तो संकेतस्थळावर ठेवतात. माहितीपत्रक प्रवेश वाढावेत म्हणून लिहिलेलं असतं. पीपीआर नियामकासाठी लिहिलेला असतो, म्हणून त्यात जबाबदारीची भाषा सापडते.

दोन जागी थांबा. एक, पीपीआरमधली पूर्णवेळ शिक्षकांची नावं आणि त्यांचा विषय. एम.ए. अर्थशास्त्राची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यातलं अर्थशास्त्राचं कोण आहे? सगळेच तासिका तत्त्वावरचे असतील तर पुढच्या वर्षी तेच लोक तिथे असतील याची खात्री नाही. दोन, पीपीआरपेक्षा वेगळा असणारा अंतर्गत गुणवत्ता केंद्राचा वार्षिक अहवाल. हे केंद्र नियमानं बंधनकारक आहे. अहवालात विद्यार्थ्यांच्या तक्रारी, त्यावर काय केलं, कोणतं पुस्तक सुधारलं, असं काही ठोस असेल तर तिथे कुणीतरी लक्ष घालतंय असं समजा.

तिसरी पायरी: पुस्तक हातात घ्या

हा माझा सर्वांत आवडता भाग आहे आणि यात घाई करू नका. दूरशिक्षणात पुस्तक हाच वर्ग असतो. इग्नूचं साहित्य ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर कुणालाही मोफत वाचता येतं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं, म्हणजे वायसीएमओयूचं, बरंच साहित्य पीडीएफ स्वरूपात मिळतं. इतर ठिकाणी अभ्यासकेंद्रात जाऊन पुस्तक बघायला मागा. प्रवेशाआधी पुस्तक दाखवायलाच तयार नसलेली संस्था माझ्या यादीतून तिथेच बाद होते.

पुस्तकातला एक घटक निवडा, शक्यतो मधला. पहिला घटक सगळेच मन लावून लिहितात. तो वाचताना बघा: सुरुवातीला उद्दिष्टं दिली आहेत का? दोन-तीन पानांनंतर वाचकाला थांबवून प्रश्न विचारला आहे का? इग्नूच्या पुस्तकांत 'तुमची प्रगती तपासा' अशी चौकट असते, खाली लिहायला रेघा असतात आणि शेवटी उत्तरांचे संकेत असतात. त्या चौकटीतला प्रश्न कसा आहे हे महत्त्वाचं. "वित्त आयोगाची कार्ये लिहा" हा प्रश्न मागच्या पानावरून उतरवून काढता येतो. "तुमच्या राज्याचा केंद्रीय करांतला वाटा आधीच्या आयोगाच्या तुलनेत वाढला की घटला, आणि कोणत्या निकषामुळे" हा प्रश्न वाचकाला आकडे शोधायला उठवतो. पदव्युत्तर पातळी म्हणतात ती ही.

मग पुस्तक किती ताजं आहे ते तपासा. मुखपृष्ठावरच्या पुनर्मुद्रणाच्या वर्षावर जाऊ नका, आतला मजकूर बघा. प्रत्येक विषयात एकेक खूणगाठ असते. सार्वजनिक वित्ताच्या पुस्तकात १ जुलै २०१७पासूनचा जीएसटी आहे की अजून विक्रीकर आणि अबकारी कराचाच संसार चालू आहे? लोकप्रशासनात २०१५ला आलेला नीती आयोग आहे की नियोजन आयोगच? एम.कॉम.ला २०१३चा कंपनी कायदा आणि २०१६ची दिवाळखोरी संहिता हवी. शिक्षणशास्त्रात राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नसेल, तर ते पुस्तक आजच्या शिक्षकाला काय देणार? एम.ए. मराठीला अशी खूण शोधणं अवघड आहे. तिथे मी संदर्भसूची बघतो, आणि त्यात गेल्या पंधरा-वीस वर्षांतलं एकही पुस्तक नसेल तर पुढे वाचत नाही.

एक छोटं गणितही करा. दूरशिक्षणात एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे अभ्यासाचे ३० तास. चार श्रेयांकांच्या एका विषयाला १२० तास झाले. पुस्तक साठ-सत्तर पानांचं असेल, सोबत वाचनाची यादी नाही, चित्रफिती नाहीत, प्रत्यक्ष काम नाही, तर उरलेले तास कशात जाणार? याउलट पुस्तक सुटसुटीत पण सोबत पाच-सहा लेख वाचायला लावणारं असेल, तर ते मला जाडजूड पुस्तकापेक्षा बरं वाटतं. ऑनलाइन अभ्यासक्रमात चार गोष्टी असाव्या लागतात: चित्रफीत, वाचनसाहित्य, चर्चेची जागा आणि स्वयंमूल्यमापन. चर्चेची जागा उघडून दाखवा म्हणून सांगा. विद्यार्थ्यांच्या शंका दिसतात आणि शिक्षकाचं उत्तर दिसत नाही, अशी असेल तर काय समजायचं ते समजा.

माध्यमाचा विचार याच वेळी करा. बी.ए. मराठीतून झालेल्यानं इग्नूचा इंग्रजी किंवा हिंदी साहित्य असलेला अभ्यासक्रम घेण्यात गैर काही नाही, पण आधी त्यातला एक घटक पूर्ण वाचून बघा. वायसीएमओयूत मराठीतून बरंच काही करता येतं. मात्र पुढे नेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, द्यायची असेल तर भाषाविषय सोडून प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत असते, हे ध्यानात ठेवून मराठी माध्यम घेतलंत तरी इंग्रजी संज्ञा सोबत शिका.

चौथी पायरी: तपासून आलेला स्वाध्याय बघा

आता मूळ प्रश्नाकडे. बहुतेक ठिकाणी अंतिम परीक्षेला ७० टक्के आणि स्वाध्यायांना ३० टक्के भार असतो. या तीस टक्क्यांत काय चालतं, त्यावरून मी अभ्यासक्रम ओळखतो.

त्या अभ्यासक्रमाचा एक माजी विद्यार्थी शोधा आणि त्याला विनंती करा: तुझा तपासून परत आलेला एखादा स्वाध्याय दाखवशील का? मग समासाकडे बघा. तिथे फक्त बरोबरच्या खुणा आणि शेवटी गोलातले गुण आहेत, की कुणी लिहिलंय, "हे विधान कशाच्या आधारे?", "इथे दुसरी बाजू यायला हवी", "उदाहरण चांगलं, पण सिद्धान्ताशी जोडा"? अशा तीन ओळी जरी समासात सापडल्या तरी कुणीतरी ते पान वाचलंय. माझ्या ओळखीचे काही संमंत्रक संध्याकाळी घरी बसून एकेका स्वाध्यायावर अर्धा पाऊण तास घालवतात; मानधन तुटपुंजं असतं, तरी घालवतात. असा माणूस जिथे आहे ते केंद्र सोडू नका.

स्वाध्याय परतच मिळत नसेल, तर विद्यार्थी एकाच प्रकारची चूक चारही सत्रांत करत राहतो आणि ती त्याला शेवटच्या गुणपत्रिकेवर कळते. तेही कळतंच असं नाही.

दुसरी गोष्ट, स्वाध्यायाचे प्रश्न दरवर्षी बदलतात का? सोडवलेले तयार स्वाध्याय झेरॉक्सच्या दुकानात आणि टेलिग्रामवर सर्रास विकले जातात. मागच्या तीन वर्षांचे प्रश्न शेजारी ठेवा. तेच ते असतील तर सगळा वर्ग उतरवतो, तपासणाऱ्यालाही ते माहीत असतं, आणि मग वाचणं बंद होतं. प्रश्नात "तुमच्या परिसरातील", "तुमच्या कार्यालयातील", "मुलाखत घेऊन" अशा अटी असतील तर उतरवणं अवघड होतं आणि तुमचा अभ्यास तुमचाच राहतो.

प्रकल्प किंवा प्रबंधिका असेल तर मार्गदर्शक कोण नेमतं, आराखडा मंजूर व्हायला किती दिवस लागतात आणि तोंडी परीक्षा होते का, हे तिघांना विचारा: केंद्रसंयोजकांना, विद्यापीठाच्या मदतकक्षाला आणि माजी विद्यार्थ्याला. तीन उत्तरं जुळली तर व्यवस्था चालू आहे.

पाचवी पायरी: जुन्या प्रश्नपत्रिका

तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवा. एका कागदावर दोन रकाने करा: पुस्तकातून जसंच्या तसं लिहिता येईल असे प्रश्न, आणि तुलना, विश्लेषण किंवा एखादं प्रकरण सोडवायला लावणारे प्रश्न. दुसऱ्या रकान्यात जवळपास काहीच पडलं नाही, तर पदवी मिळेल पण एम.ए.चा विचार करायची सवय लागणार नाही. मुलाखतीत किंवा नेट-सेटमध्ये ही उणीव लगेच उघडी पडते.

सहावी पायरी: एक रविवार अभ्यासकेंद्रात घालवा

संमंत्रण सत्रं बहुतेक ठिकाणी शनिवार-रविवारी होतात. सांगून जाऊ नका, सहज जा. फळ्यावर वेळापत्रक लागलंय का, ठरलेल्या वेळी शिक्षक आलेत का, वर्गात किती जण आहेत. दहा-बारा माणसं असली तरी चालेल, प्रश्न विचारले जात असले म्हणजे झालं. सत्रात फक्त "महत्त्वाचे प्रश्न" सांगितले जात असतील तर त्या केंद्राकडून फार अपेक्षा ठेवू नका. विद्यापीठ चांगलं आणि जवळचं केंद्र सुस्त, असं झालं तर दूरचं केंद्र निवडता येतं का ते बघा. दोन तास प्रवास परवडतो.

केंद्र कुठे भरतं हेही पाहा. नियमानुसार अभ्यासकेंद्र फ्रँचायझीनं चालवायला मनाई आहे. एखाद्या गाळ्यात "सर्व विद्यापीठांचे प्रवेश एकाच ठिकाणी" अशी पाटी असेल तर तो एजंट आहे. त्याच्याकडे कागद देऊ नका, पैसे तर मुळीच नाहीत.

ग्रंथालयाबद्दल एक जरूर विचारा: दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला घरून ई-नियतकालिकं वाचायचं लॉगिन मिळतं का? जानेवारी २०२५पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत सरकारी उच्च शिक्षण संस्थांना हजारो नियतकालिकं खुली झाली आहेत. ती बाहेरच्या विद्यार्थ्यापर्यंत पोचवायची की नाही, हे विद्यापीठाच्या तत्परतेवर आहे. मागणी केल्याशिवाय कुणी देत नाही. शोधगंगा या संकेतस्थळावरचे पीएच.डी.चे प्रबंध मात्र सगळ्यांनाच मोफत वाचता येतात.

सातवी पायरी: तारखा आणि पैसे

मागच्या दोन-तीन सत्रांत पुस्तकं केव्हा हातात आली, परीक्षा केव्हा झाली, निकाल केव्हा लागला, या तारखा विद्यापीठाच्या परिपत्रकांतून शोधून लिहून काढा. परीक्षेच्या आधी पंधरा दिवस पुस्तकं मिळत असतील तर ती उत्तम असूनही उपयोग नाही. निकाल लांबला की नेटचा अर्ज, पीएच.डी.चा प्रवेश, वेतनवाढ सगळं खोळंबतं. नेट आणि पीएच.डी.साठी खुल्या गटाला ५५ टक्के लागतात, तेव्हा श्रेणीसुधारणेसाठी पुन्हा बसता येतं का, हेही विचारून घ्या.

पैशांचा हिशेब पहिल्या वर्षाच्या फीवर करू नका. परीक्षा शुल्क, प्रकल्प शुल्क, राहिलेल्या विषयाचं शुल्क, पदवी प्रमाणपत्राचं शुल्क, सगळं मिळून एक आकडा काढा. कमाल मुदत पाहा. इग्नूत दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी चार वर्षांपर्यंत पूर्ण करता येते, आणि नोकरी-संसार सांभाळणाऱ्याला ही सवलत फीमधल्या फरकापेक्षा मोलाची असते.

ऑनलाइन एमबीएच्या बाबतीत जास्त सावध राहा. दिवसातून चारदा फोन करणारा समुपदेशक बहुधा विद्यापीठाचा नसतो, विक्री करणाऱ्या कंपनीचा असतो. एडटेक (ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या) कंपन्यांशी फ्रँचायझी करून पदव्या देता येत नाहीत, असं यूजीसीनं वेळोवेळी बजावलंय. "आजच भरलंत तर स्कॉलरशिप" म्हणणाऱ्याला दोन प्रश्न विचारा: पावती कुणाच्या नावाची मिळेल, आणि हप्ते कुणाच्या कर्जाचे आहेत? पावती विद्यापीठाची हवी. हप्त्यांच्या नावाखाली तुमच्या नावे कर्ज काढलं जात असेल, तर अभ्यास सोडला तरी ते फेडावं लागतं.

ठरवताना

दोन-तीन अभ्यासक्रम अशा रीतीनं पाहिलेत की बहुतेक वेळा निवड आपोआप होते. तरी अडलंच, तर मी पुस्तक आणि स्वाध्याय या दोन पायऱ्यांना झुकतं माप देतो. इमारत, जाहिरात, संकेतस्थळाची चकाकी यांना काहीच नाही.

आपल्या वेळेचाही हिशेब मांडा. अनेक ठिकाणी एम.ए. ८० श्रेयांकांचं आहे. म्हणजे दोन वर्षांत २,४०० तास, आठवड्याला साधारण तेवीस. हे कागदावरचं माप झालं आणि प्रत्येकाला इतका वेळ लागेलच असं नाही. पण रोज दीड-दोन तास आणि रविवारचा अर्धा दिवस निघत नसेल, तर एका सत्राला सगळे विषय न घेता कमी विषय घेता येतात का, ते पाहा.

प्रवेश नक्की झाला की एबीसी आयडी (तुमचे श्रेयांक साठवणाऱ्या ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा क्रमांक) काढा आणि त्याच्या आधारे डीईबी आयडी, म्हणजे डीईबीचा विद्यार्थी क्रमांक. भारतीय विद्यार्थ्यांना २०२४च्या सप्टेंबरपासून दूरशिक्षण आणि ऑनलाइन प्रवेशासाठी तो सक्तीचा आहे, आणि तो तुमचा तुम्हीच काढायचा असतो. एजंटाला ओटीपी देऊ नका. नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर जसं आहे तसंच टाका. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांनी राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला आधीच जवळ ठेवावा, कारण आधारवर एक, पदवीवर दुसरं आणि अर्जात तिसरं नाव झालं की पुढे दुरुस्तीला महिनोन्‌महिने जातात. आणि पहिला स्वाध्याय दिलेल्या मुदतीच्या पंधरा दिवस आधी जमा करून संमंत्रकांना भेटा. "सर, वाचून झाला की मला काय सुधारायचं ते सांगाल का?" असं थेट विचारा. इतक्या वर्षांत हा प्रश्न घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला नाही म्हणणारा शिक्षक मी तरी पाहिलेला नाही.